डॅशबोर्डातला संगणक (भाग ९) : पंपावरची किल्ली

या आठवड्यात टचस्क्रीन बसवायचा होता. तो राहू द्या, कारण उदगीरच्या एका वाचकाने असा प्रश्न पाठवलाय की मला तो सोडवत नाही. मागच्या भागातली जोडणी त्यांनी केली. रात्री किल्ली काढली की रास्पबेरी पाय व्यवस्थित बंद होतो, सकाळी व्यवस्थित चालू होतो. पण नांदेडला जाताना लोह्याला पेट्रोल भरलं, किल्ली फिरवली, तर स्क्रीन काळाच. बॅटरीची वायर काढून परत लावली तेव्हा कुठे उठला. विचारतात, पाय गेला का?

पाय धडधाकट आहे, घोळ टायमर रिलेचा आहे. आपल्या जोडणीत किल्ली वीज तोडत नाही, नुसता निरोप देते: इग्निशनच्या वायरवरून पीसी८१७ ऑप्टोकपलर, तिथून जीपीआयओ पिन, आणि पाय आपलं आवरायला घेतो. वीज तोडायचं काम मिनिटभराने रिले करतो. आता पंपावर काय झालं ते पाहा. किल्ली बंद झाली, निरोप गेला, दहा-पंधरा सेकंदांत पायने फायली मिटून डोळे मिटले. तेवढ्यात पेट्रोल भरून झालं, पैसे आल्याचं यंत्र बोललं, चाळिसाव्या सेकंदाला किल्ली परत फिरली. रिलेला वाटलं मालक आले, वीज तोडायला नको. त्याने मोजणी सोडून दिली. पण थांबलेला पाय एरवी उठतो तो वीज जाऊन नव्याने आली की. इथे वीज गेलीच नाही. वायर काढल्यावर उठला तो म्हणूनच.

तेव्हा नियम असा करायचा: एकदा निरोप गेला की किल्ली कितीही फिरू दे, वीज एकदा तोडायचीच. पाचेक सेकंद थांबायचं आणि मगच किल्लीकडे बघायचं. बाजारातल्या साध्या टायमर मॉड्यूलला एवढी अक्कल नसते. मी अॅटटायनी ८५ वापरतो. आठ पायांची चिप, झोपेत मायक्रोअँपिअरवर भागवते आणि हा सगळा हिशोब तिच्यात आरामात मावतो.

तीच चिप दुसरं एक काम करते, आणि माझ्या मते ते जास्त मोलाचं आहे. ती निरोप द्यायची घाई करत नाही. सेल्फ मारताना बऱ्याच गाड्यांत अॅक्सेसरीची लाइन क्षणभर मरते. त्या क्षणी निरोप गेला तर नुकताच उठू लागलेला पाय पुन्हा झोपायला निघतो. शेतातल्या मोटारीचा ऑटो स्टार्टर लाइट आली तरी थोडा वेळ दम धरतो ना, तसाच दम इथे किल्ली बंद झाल्यावर धरायचा. मी दोन मिनिटं ठेवलीत. पंप, टपरीवरचा चहाचा कप, सगळं त्यात बसतं आणि पायला पत्ताही लागत नाही.

बॅटरीची काळजी करणाऱ्यांसाठी आकडा देतो. निवांत बसलेला पाय ४ साधारण ३ वॅट खातो, म्हणजे कन्व्हर्टरची तूट धरून बारा व्होल्टवर ०.३ अँपिअर. दोन मिनिटांत ०.०१ अँपिअर-अवर. ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला ते जाणवतही नाही. पण तोच पाय चालू ठेवून गाडी लातूरला लग्नघरी उभी केली तर दिवसाला सात अँपिअर-अवर जातात. चौथ्या दिवशी पाहुण्यांना ढकलायला बोलवावं लागेल.

म्हणून एक अपवाद: व्होल्टेज बाराच्या खाली गेलं तर दोन मिनिटं न थांबता निरोप द्यायचा. मात्र ते सलग अर्धा मिनिट खाली असायला हवं. सेल्फ मारताना जुनी बॅटरी आठ-नऊ व्होल्टपर्यंत लवते. ती लवण चिपने मनावर घ्यायची नाही.

आतच एक छोटी लिथियम बॅटरी का नको, असंही याच वाचकांनी विचारलंय. टॅक्सी-बसमधल्या एआयएस-१४० ट्रॅकरमध्ये ती असते, किमान चार तास पुरेल एवढी. पण कुणी वायर तोडली तरी बोलत राहणं हेच त्या ट्रॅकरचं काम. आपल्याला शांतपणे बंद व्हायचंय. शिवाय मे महिन्यात नांदेडला सावलीतच ४२ अंश असताना बंद गाडीच्या डॅशबोर्डात लिथियम ठेवायला मी तरी धजावणार नाही.

बदल केल्यावर तीन वेळा तपासा. किल्ली बंद करून पाच सेकंदांत चालू करा: काहीच व्हायला नको. दोन मिनिटं उलटून पाय आवरत असताना चालू करा: तो पूर्ण बंद होऊन, वीज जाऊन, आपोआप उठायला हवा. आणि रिलेचा ‘टक्’ ऐकू येताच लगेच चालू करा. बहुतेक जोडण्या इथेच दगा देतात. त्यामुळे हे सगळं घरासमोरच उरका, चाकूर-अहमदपूरच्या मधे नको.