बिंबिकांचा आकार आणि फुफ्फुसातील गुठळी

वर्षअखेरीच्या हिशेबात तासन् तास खुर्चीला खिळून राहणे आम्हां बँक कर्मचाऱ्यांच्या अंगवळणी पडलेले असते. परंतु दीर्घकाळ न हलता बसल्याने पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. ती सुटून फुफ्फुसाच्या धमनीत अडकली, तर प्राणांवर बेतते.

गुठळी घडविण्यात रक्तातील बिंबिकांचा, अर्थात प्लेटलेट्सचा, मोठा वाटा असतो. त्यांचे आयुष्य 7 ते 10 दिवसांचे. नव्या बिंबिका आकाराने मोठ्या व अधिक क्रियाशील असतात. रक्ततपासणीच्या अहवालातील ‘एमपीव्ही’ हा त्यांच्या सरासरी आकाराचा आकडा. फुफ्फुसात गुठळी झालेल्या रुग्णांच्या काही अभ्यासांत हा आकडा वाढलेला असताना हृदयाच्या उजव्या कप्प्यावर अधिक ताण आढळला आहे.

तथापि, नमुना तपासण्यास विलंब झाला तरीही बिंबिका फुगतात. एका नोंदीवरून खात्याची पारख होत नाही, तसेच एका आकड्यावरून रोगाचे निदान होत नाही. त्यासाठी सामान्यतः सीटी अँजिओग्राफी करतात. एकाएकी धाप लागली, छातीत दुखू लागले वा एकच पाय सुजला, तर वाचकहो, अहवालातील आकडे न्याहाळत बसू नका. तत्काळ रुग्णालय गाठा.