काँक्रीटचं वय संगणकाला सांगितलं नाही, तर तडा दिसणारच नाही

जाड काँक्रीटला पहिल्या पंधरवड्यात तडे गेले की साइटवर पहिला आळ येतो तो पाणी मारणाऱ्या मजुरावर. कधीकधी चूक त्याची असतेही. पण दोन-तीन मीटर जाडीच्या राफ्टमध्ये किंवा धरणाच्या भिंतीत तडा जाण्याचं मूळ बहुतेक वेळा आतल्या उष्णतेत असतं. ते काम सुरू होण्याआधीच संगणकावर दिसू शकतं. अट एवढीच की सिम्युलेशन करणाऱ्याने काँक्रीटचे गुणधर्म वेळेनुसार बदलू दिले पाहिजेत. कोकणातून, मराठवाड्यातून सिव्हिल किंवा मेकॅनिकल करून आखातात गेलेल्या आपल्या मुलांपैकी अनेकांच्या हातात आज हेच काम आहे, म्हणून हा विषय जरा सविस्तर.

सिमेंट आणि पाणी एकत्र आलं की हायड्रेशन सुरू होतं आणि त्यातून उष्णता निघते. घराच्या पाच इंची स्लॅबमधून ती सहज निघून जाते. जाड ठोकळ्यात मात्र ती अडकून पडते. अमेरिकेतलं हूव्हर धरण १९३० च्या दशकात बांधलं, तेव्हा अभियंत्यांचा अंदाज होता की सगळं काँक्रीट एकसंध ओतलं तर ते थंड व्हायला सुमारे १२५ वर्षं लागतील! म्हणून त्यांनी ते वेगवेगळ्या ठोकळ्यांत ओतलं आणि आत ९०० किलोमीटरहून जास्त लांबीच्या बारीक लोखंडी नळ्या टाकून त्यांतून थंड पाणी फिरवलं. दुबईच्या बुर्ज खलिफाच्या बांधकामात उन्हाळ्यात काँक्रीट रात्री ओतत आणि मिश्रणात बर्फ घालत, त्यामागचं कारणही हेच.

आता गणिताकडे येऊ. एक काँक्रीटचा दांडा घ्या, दोन्ही टोकांना पक्का जखडलेला. खडकावर ओतलेल्या राफ्टची अवस्था थोडीफार अशीच असते, कारण खालचा खडक त्याला हलू देत नाही. हायड्रेशनमुळे दांडा ३० अंशांनी तापला. काँक्रीट दर अंशाला साधारण एक लाखांश प्रसरण पावतं, म्हणजे ३० अंशांना ०.०००३. जागा नसल्यामुळे हे प्रसरण दाबात बदलतं. पुढे काही दिवसांनी दांडा थंड होऊन मूळ तापमानावर येतो.

नवशिक्या काय करतो? कोष्टकातून २८ दिवसांच्या काँक्रीटचा ताठपणा उचलतो, समजा २५ गिगापास्कल, आणि तोच पहिल्या तासापासून शेवटपर्यंत ठेवतो. तापताना ७.५ मेगापास्कल दाब आला, थंड होताना तेवढाच गेला. शेवटी शून्य. रिपोर्टमध्ये लिहिलं, तडा नाही.

प्रत्यक्षात काँक्रीट तापतं तेव्हा ते कोवळं असतं. त्या काळातला सरासरी ताठपणा ५ गिगापास्कल धरा, म्हणजे दाब आला फक्त १.५. थंड होईपर्यंत मात्र ते घट्ट झालेलं असतं. आता तेच ०.०००३ आकुंचन २५ गिगापास्कलने गुणलं जातं आणि ७.५ मेगापास्कल ओढ तयार होते. दीड वजा केला तरी ६ उरते. साधारण काँक्रीट ओढीत दोन ते चार मेगापास्कलच्या आसपास फाटतं. म्हणजे तडा जाणारच. खऱ्या बांधकामात क्रीपमुळे यातला बराच ताण ओसरतो, आणि खडकही शंभर टक्के जखडत नाही, त्यामुळे ६ हा आकडा वरचा आहे. पण शून्य आणि सहा यांतला फरक काही क्रीपचा नाही.

इथे आणखी एक फसवी जागा आहे, आणि ती शिकलेल्यांनाही फसवते. ताठपणा वेळेनुसार बदलला, छान आलेख दिला, तरी उत्तर शून्यच येऊ शकतं. कसं काय? सॉफ्टवेअर जर ‘आताचा ताठपणा गुणिले आतापर्यंतची एकूण विकृती’ असं करत असेल, तर शेवटी एकूण विकृती शून्य, म्हणून ताणही शून्य. काल कोवळेपणी जो दाब घेतला होता त्यालाही आजचा ताठपणा लावला जातो, जणू काँक्रीटने मागच्या तारखेने सही केली! बरोबर पद्धत म्हणजे प्रत्येक टप्प्यात जेवढी नवी विकृती आली तेवढीच त्या क्षणाच्या ताठपण्याने गुणायची आणि जुन्या ताणात मिळवायची. काही पॅकेजेस साध्या लवचीक पदार्थासाठी पहिली पद्धत वापरतात, आणि त्याबद्दल कुठलीही सूचना पडद्यावर येत नाही. आपलं पॅकेज काय करतं हे मॅन्युअलमध्ये पाहावं लागतं.

ताठपणा नेमका कशाला जोडायचा, हाही प्रश्न आहे. घड्याळाला जोडणं सोपं, पण अपुरं. कारण गाभा गरम असल्याने तो लवकर पिकतो आणि कडा मागे राहतात. म्हणून प्रत्येक बिंदूवर हायड्रेशनचं प्रमाण शून्य ते एक असं वेगळं साठवतात. त्याचा वेग तापमानावर ठरतो, पण ते फक्त वाढतं. थेट तापमानालाच जोडाल तर काँक्रीट थंड होताच संगणकात पुन्हा कोवळं होईल. पाणी-बर्फाला ही उलटसुलट वाट चालते, काँक्रीटला नाही. आगीच्या हिशेबातही असंच. ६०० अंशांना बांधकामाच्या पोलादाची ताकद साधारण निम्म्यावर येते, पण थंड झाल्यावर बरीचशी परत मिळते. जळालेल्या काँक्रीटची मिळत नाही. त्यामुळे तिथे आजचं तापमान पुरत नाही, त्या बिंदूने आजवर गाठलेलं सर्वांत जास्त तापमान लक्षात ठेवावं लागतं.

ताज्या काँक्रीटला शून्य ताठपणा देऊ नका, गणित अडकतं. अगदी छोटा आकडा द्या. दुसरा थर ओतताना तो ताणरहित जन्माला यायला हवा, खालच्या थराचा जुना ताण त्याच्या माथी मारायचा नाही. वेळेचे टप्पे पहिल्या एक-दोन दिवसांत बारीक ठेवा, नंतर मोठे चालतील. टप्पा निम्मा करून पुन्हा चालवल्यावर उत्तर लक्षणीय बदललं, तर आधीचं उत्तर विश्वासाचं नव्हतं.

आणि अख्खं धरण किंवा राफ्ट उभं करण्याआधी वरचा जखडलेला दांडा एकट्याने चालवून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे. क्रीप बंद ठेवून ६ मेगापास्कलच्या आसपास ओढ आली तर पुढे जा. शून्य आलं तर साइटवर काही पाठवू नका.