कपाशीचा नवा वाण

उर्दूत आपण ज्याला 'कपास' म्हणतो, त्याला मराठीत 'कापूस' म्हणतात आणि त्याच्या झाडाला 'कपाशी'. अंगातला सदरा, थंडीतली रजई हे सारे या झाडाचेच देणे. उष्ण हवेत कपाशी चांगली वाढते. पण त्याच हवेत रोग आणि किडीही झपाट्याने वाढतात.

म्हणून शेतकऱ्याला असा वाण हवा असतो, की ज्याला बोंडे भरपूर लागतील आणि जो रोग-किडींना तोंड देईल. अडचण अशी, की हे गुण बहुधा एकाच झाडात सापडत नाहीत. शिवाय तुडतुडे नावाचे किडे पानांतला रस शोषतात. पानांवर दाट लव असली, तर त्यांचा जोर चालत नाही. मात्र हीच लव पांढऱ्या माशीच्या पथ्यावर पडते! एका शत्रूला अडवावे, तर दुसऱ्याला वाट मिळते.

मग दोन झाडांचे गुण एकत्र कसे आणायचे? संकर करून. उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर उघडतात आणि तिच्यातले पुंकेसर हलक्या हाताने काढून टाकतात. कळी झाकून ठेवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी निवडलेल्या दुसऱ्या झाडाच्या फुलातले पराग तिला लावतात. तिच्या बोंडातली सरकी, म्हणजे बी, पुढच्या हंगामात पेरतात. नंतरच्या पिढ्यांत झाडे वेगवेगळ्या गुणांची निघतात. त्यांतली चांगली तेवढी ठेवतात. ही निवड सहा-सात पिढ्या चालते. वर्षाला पीक एकच. म्हणून एका वाणामागे पुष्कळ वर्षे जातात.

कधी कधी पहिल्या पिढीचेच बी शेतकऱ्याला देतात. हे संकरित बियाणे. १९७० साली सुरत येथे डॉ. सी. टी. पटेल यांनी 'एच-४' हा वाण तयार केला. मोठ्या प्रमाणावर लावला गेलेला तो जगातील पहिला संकरित कापूस होय. उत्पादन वाढले, पण असे बी दरवर्षी नवे घ्यावे लागते. घरची सरकी पेरली, तर पीक एकसारखे येत नाही.

२००२ साली भारतात 'बीटी' कपाशीला परवानगी मिळाली. तिच्यात एका जिवाणूचे जनुक घातलेले असते. ती खाल्ली, की बोंडअळी मरे. पण ज्या थोड्या गुलाबी अळ्या तिला पचवून जगल्या, त्यांचीच प्रजा वाढत गेली. २०१७ साली या अळीने महाराष्ट्रात फार नुकसान केले. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात औषध फवारताना विषबाधा होऊन काही शेतकरी व शेतमजूर दगावले.

यावरून काय कळते? कोणताही वाण कायमचा पुरत नाही. कीड बदलते, म्हणून संशोधकालाही थांबता येत नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत हेच काम चालते. शेतकऱ्यालाही साथ द्यावी लागते. वेचणी संपताच पऱ्हाट्या काढल्या नाहीत, तर अळी शेतातच मुक्काम करते.

काटक वाण म्हणजे कमी फवारणी, कमी खर्च आणि शेतकऱ्याच्या जिवाला कमी धोका. रजई पांघरताना हे कष्ट आठवा.

स्वाध्याय
१. पानांवरची लव कोणाला अडवते व कोणाला उपयोगी पडते?
२. संकर कसा करतात, ते क्रमाने लिहा.
३. 'कोणताही वाण कायमचा पुरत नाही.' का?