खेळामागचा पैसा : भाग ६ – पडदा बंद केला की मैदान भरतं?

गेल्या भागात प्रक्षेपणाचे हक्क कोट्यवधींना कसे विकले जातात ते पाहिलं. या वेळी त्याची उलट बाजू पाहू. तिकिटं खपावीत म्हणून सामना मुद्दाम दाखवायचाच नाही, याला ब्लॅकआउट म्हणतात.

याचं मूळ अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये आहे. १९५० साली लॉस एंजेलिस रॅम्स संघाने घरच्या मैदानावरचे सगळे सामने टीव्हीवर दाखवले. आदल्या हंगामात तिथे सुमारे २ लाख ५ हजार प्रेक्षक आले होते, ते १ लाख १० हजारांवर घसरले. धसका घेतलेल्या संघाने पुढच्याच हंगामात घरचे सामने दाखवणं थांबवलं आणि मैदान पुन्हा भरू लागलं. त्या काळी संघ तिकिटांवरच जगत होते, त्यामुळे ही भीती खोटी नव्हती. १९७३ मध्ये तिथल्या संसदेने मधला मार्ग काढला. सामन्याच्या ७२ तास आधी सगळी तिकिटं खपली, तर स्थानिक प्रक्षेपण रोखता येणार नाही. पुढे कायद्याची मुदत संपली, तरी लीगने हाच नियम चालू ठेवला. तिकिटं उरली, तर मैदानाभोवतीच्या ७५ मैलांत, म्हणजे सुमारे १२० किलोमीटरच्या टापूत, पडदा बंद.

हाच टापू आपल्याकडे आखून पाहा. मुंबई सिटी एफसी हा फुटबॉल संघ २०१६ पासून अंधेरीच्या क्रीडासंकुलात खेळू लागला. तिथून १२० किलोमीटरमध्ये उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर तर येतातच, लोणावळाही येतं. आता बदलापूरच्या प्रेक्षकाचा विचार करा. साडेसातचा सामना साडेनऊला संपतो. गर्दीतून वाट काढत आझादनगरला मेट्रो पकडायची, घाटकोपरला उतरायचं, पूल ओलांडून बदलापूर किंवा कर्जत लोकलची वाट पाहायची. घरी पोहोचेपर्यंत बारा वाजतात आणि सकाळी पुन्हा लोकल गाठायची असते. याच्या घरचा टीव्ही बंद केला म्हणून हा अंधेरीला जाणार नाही. तिकीट तर खपणार नाहीच, वर एक प्रेक्षक कायमचा तुटेल.

आपला कायदा नेमकी उलटी वाट चालतो. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये क्रिकेट प्रक्षेपणाच्याच खटल्यात सांगितलं. २००७च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला देणं बंधनकारक केलं. जाहिरातींच्या उत्पन्नात हक्कदार कंपनीचा वाटा किमान ७५ टक्के ठरला. मात्र २०१७ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं, की हे सामने दूरदर्शनने आपल्या अँटेनावर आणि फ्री डिशवरच दाखवायचे, खासगी केबलवर नाही. म्हणून उल्हासनगरच्या एकाच चाळीत, फ्री डिशची छत्री लावलेल्या घरात सामना फुकट दिसतो आणि शेजारच्या केबलवाल्या घरात त्याच वेळी दूरदर्शनवर दुसराच कार्यक्रम चालू असतो. ब्लॅकआउट आपल्याकडेही आहे. फक्त तो तिकीटखिडकी सांभाळण्यासाठी नाही, वाहिनीचं उत्पन्न सांभाळण्यासाठी आहे.

इंग्लंडची गोष्ट वेगळी. १९६०च्या दशकात बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी आग्रह धरला, की शनिवारी दुपारी बड्या संघांचे सामने टीव्हीवर दिसले तर गावोगावचे छोटे क्लब ओस पडतील. म्हणून तिथे शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच सामने थेट दाखवत नाहीत. यामागे कळकळ आहे, कारण छोट्या क्लबचं मैदान प्रेक्षकाच्या घराजवळ असतं. टीव्ही बंद असेल, तर तो खरोखरच तिकडे जाऊ शकतो.

माझ्या मते कसोटी इथेच आहे. मैदान आवाक्यात असेल, तरच पडदा बंद ठेवण्याला अर्थ आहे. अमेरिकेलाही हे उमगलं. २०१३च्या हंगामात २५६ पैकी अवघे दोन सामने रोखले गेले. टीव्हीचं उत्पन्न तिकिटांच्या कितीतरी पुढे गेलं होतं. २०१४ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने या नियमाचा सरकारी आधार काढून घेतला आणि २०१५ मध्ये लीगने तो स्थगित केला.

अंबरनाथ-बदलापूरचे प्रेक्षक मैदानावर हवे असतील, तर रविवारचा सामना दुपारी चारला ठेवा. सातला गाडीत बसणारा माणूस पुढच्या वेळी मुलांनाही घेऊन येईल. टीव्हीवर खेळ पाहूनच तर त्या मुलांना मैदानाची ओढ लागते.

(पुढच्या आठवड्यात : तिकिटांच्या वाटपावरून पेटलेल्या वादातून वानखेडे स्टेडियम कसं उभं राहिलं)