गोठवलेली फळे : घ्यावयाची काळजी

आंब्याचा मुख्य हंगाम जूनअखेर सरला, तरी कामोठे परिसरातील अनेक घरांत हापूसचा रस, सीताफळाचा गर व फणसाचे गरे गोठवून वर्षभर वापरले जातात. आप्तेष्ट रुग्णांसाठी असे डबे मोठ्या मायेने आणतात; काही हितचिंतक ते देणगी म्हणूनही देतात. या सर्वांच्या माहितीसाठी पुढील विवेचन देत आहोत.

उणे १८ अंश सेल्सिअस तापमानात जंतूंची वाढ थांबते. परंतु ते सर्वच मरत नाहीत. बर्फ सुटताच फळातील पाणी व साखर त्यांना पोषक ठरते. ५ ते ६० अंशांदरम्यान त्यांची वाढ झपाट्याने होते. विषाणूही गोठलेल्या फळात टिकून राहतात. २०१८ साली ऑस्ट्रेलियात डाळिंबाच्या गोठवलेल्या दाण्यांमुळे ‘हिपॅटायटिस ए’ ही कावीळ पसरली व त्यात एक मृत्यूही ओढवला.

यास्तव पुढील पथ्ये पाळावीत :

१. डबा आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा. ओट्यावर ठेवू नये.
२. घाई असल्यास बंद पिशवी थंड पाण्यात ठेवावी व दर अर्ध्या तासाने पाणी बदलावे. मायक्रोवेव्हमध्ये बर्फ सोडविल्यास फळ लगेच संपवावे.
३. फ्रीजबाहेर दोन तासांहून अधिक, व उन्हाळ्यात एका तासाहून अधिक राहिलेले फळ टाकून द्यावे.
४. रस गोठवितानाच लहान डब्यांत भरावा, म्हणजे लागेल तेवढाच काढता येतो.
५. वीज गेल्यास फ्रीझरचे दार उघडू नये. बंद दाराआड भरलेला फ्रीझर सुमारे ४८ तास, तर अर्धा भरलेला सुमारे २४ तास थंडावा राखतो.

कर्करोगाचे उपचार घेणारे, गर्भवती, वृद्ध व बालके यांना गोठवलेले फळ एक मिनिट उकळूनच द्यावे. मधुमेही व मूत्रपिंडाच्या रुग्णांनी प्रमाणाबाबत आहारतज्ज्ञांना विचारावे. गोठविल्याने फळातील साखर वा पोटॅशियम कमी होत नाही.

घरून आणलेला डबा रुग्णाला देण्यापूर्वी परिचारिकेस दाखवावा, तसेच देणगीदारांनी शक्यतो ताजी, अखंड फळे द्यावीत, ही नम्र विनंती. उपचारांनी सावरत असलेला रुग्ण अन्नबाधेने पुन्हा खालावू नये, एवढाच यामागील हेतू आहे.