संमतीचा कस : करारकायदा आणि शिरूर-भीमथडीचे कूळ

इंग्रजी अमदानीत या देशाला लाभलेल्या कायद्यांत करारविषयक कायद्याइतका आटोपशीर आणि तर्कशुद्ध कायदा क्वचितच सापडेल. एकाने प्रस्ताव करावा, दुसऱ्याने तो जसाच्या तसा स्वीकारावा, उभयतांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मोकळ्या मनाने संमती द्यावी, वचनाच्या मोबदल्यात काही प्रतिफल असावे, दोघेही सज्ञान व शुद्धीवर असावेत आणि हेतू बेकायदा नसावा, म्हणजे तो करार सरकारदरबारी बजावून घेता येतो. इंग्लंडच्या न्यायाधीशांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवाड्यांतून घडवलेली ही तत्त्वे १ सप्टेंबर १८७२ पासून संहितेच्या रूपाने आपल्याकडे अमलात आली; आणि त्याला पुरती तीन वर्षेही लोटली नव्हती तोच, १२ मे १८७५ रोजी, भीमथडी तालुक्यातील सुपे येथील बाजारात भोवतालच्या गावांतील कुळांनी सावकारांच्या दुकानांवर चाल करून खातेवह्या व कर्जरोखे हिसकावले आणि ते जाळून टाकले. हे सुपे आज बारामती तालुक्यात मोडते. आजच्या दौंड तालुक्याचा मुलूख त्या वेळी भीमथडीतच होता.

दंगा नव्या कायद्याने पेटवला असे कोणी म्हणणार नाही, कारण त्याची मुळे जुनी होती. एल्फिन्स्टनच्या १८२७ च्या नियमांनी व्याजाला शेकडा बाराची जी मर्यादा घातली होती ती १८५५ साली उठली आणि ठरलेले व्याज ठरले म्हणून देवविणे हे न्यायालयाचे कर्तव्य झाले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यांवरील दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. ती ऋणकोच्या बचावासाठी होती, परंतु प्रत्यक्षात सावकार दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेऊ लागला, आणि प्रत्येक नवे खत कायद्याच्या दृष्टीने एक नवा, स्वतंत्र, राजीखुशीचा करार ठरू लागला. अमेरिकेतील यादवीच्या काळात कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा हात सैल सोडून कर्जे दिली गेली. १८६५ नंतर भाव कोसळला, इकडे फेरआकारणीने सारा चढला, आणि सावकाराने हात आखडता घेतला. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज आकारल्याचे उदाहरण नमूद करून ठेवले आहे.

त्याच चौकशीच्या दप्तरातील एक भाडेखत मात्र जवळून पाहण्याजोगे आहे. कर्जात बुडालेला शेतकरी लोखंडी आसाच्या दोन गाड्या, त्यांचे सर्व सामान आणि चार बैल देण्यापोटी सावकाराला विकून टाकतो, आणि त्याच दस्तात तेच बैल व त्याच गाड्या दरमहा चार रुपयांनी त्याच सावकाराकडून भाड्याने घेतो; भाडे दिल्यावर धन्याच्या हातची पावती घ्यावयाची, आणि पावती नसेल तर भाडे दिल्याची तक्रार करावयाची नाही, असेही कबूल करतो. आता या कागदाला करारशास्त्राची एकेक कसोटी लावून पाहावी. प्रस्ताव आहे, स्वीकार आहे, प्रतिफल आहे, पक्षकार सज्ञान आहेत, हेतू कायदेशीर आहे. प्रतिफल असले म्हणजे झाले, ते पुरेसे आहे की नाही हे न्यायाधीशाने तोलू नये, हा इंग्रजी कायद्याचा दंडक. कलम २५ च्या स्पष्टीकरणाने एवढीच सवड ठेवली की अपुऱ्या प्रतिफलावरून संमतीच्या मोकळेपणाविषयी शंका घेता येते. परंतु ती शंका उपस्थित करणार कोण? अक्षरशत्रू कुळाला वकील कोठला, आणि समन्स हाती पडून तो तालुक्याला पोचेपर्यंत एकतर्फी हुकूमनामा झालेला असे.

शिरूर तालुक्यातील कर्डे येथे घडले ते याच क्रमाने घडले. तेथील काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्यावर हुकूमनामा मिळवला आणि त्याच्या बजावणीत देशमुखांचे घर ताब्यात घेऊन १८७४ च्या डिसेंबरात ते पाडावयास काढले. गाव खवळले, पण हात उगारण्यापूर्वी त्याने दुसरा मार्ग धरला. सावकाराच्या दुकानावर जायचे नाही, त्याची जमीन कसायची नाही, न्हाव्याने त्याची हजामत करायची नाही, पाणक्याने पाणी भरायचे नाही, असा बहिष्कार त्याच्यावर पडला, आणि आसपासच्या मुलखात जातिबंधनाच्या धाकाने पाळावयाची असली संमतिपत्रेही लिहिली गेली. करार म्हणजे काय हे या लोकांना कळत नव्हते, असा जो समज पुढे रूढ झाला तो या पत्रांपुढे टिकत नाही. त्यांनी आपापसांत वचने दिली, ती कागदावर मांडली आणि पाळली. फरक एवढाच की येथे उभयपक्ष एका पायरीवर उभे होते.

त्याच सुमारास, १८७३ मध्ये, लंडनच्या चॅन्सरी न्यायालयात अर्ल ऑफ एल्सफर्ड विरुद्ध मॉरिस हा खटला निकालात निघाला. नुकत्याच सज्ञान झालेल्या एका उमराव-वारसाने जबर व्याजाने पैसे उचलले होते. लॉर्ड सेल्बोर्न यांनी तो व्यवहार अन्यायाचा ठरवून मुद्दल व शेकडा पाच व्याज एवढ्यावर त्याची सुटका केली. म्हणजे दुबळ्या पक्षाकडे दयार्द्र दृष्टीने पाहण्याची सोय इंग्रजी न्यायात होती. सरदारपुत्राला ती मिळाली, भीमा-घोडेच्या काठच्या कुणब्याला मिळाली नाही. मला हे त्या न्यायपद्धतीचे मोठे वैगुण्य वाटते.

पुणे व अहमदनगर या दोन जिल्ह्यांत मिळून ९५१ माणसे पकडली गेली व ५०१ जणांना शिक्षा झाल्या. मग १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, आणि त्याने करारशास्त्राच्या गाभ्यालाच हात घातला. ऋणकोने रोखा कबूल केला तरी न्यायाधीशाने रोख्याच्या पाठीमागे जाऊन पहिल्या व्यवहारापासूनचा इतिहास तपासावा, व्याजाचे केलेले मुद्दल मुद्दल धरू नये, खत ग्राम-निबंधकासमोर व्हावे, आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकू नये, असे त्याने ठरवले. सावकारांनीही वाट काढली. गहाणखताऐवजी ते खरेदीखतच मागू लागले. पुढे १८९९ मध्ये करारकायद्याचे सोळावे कलम दुरुस्त झाले, आणि त्याच्या उदाहरणांत एक उदाहरण असे की, गावच्या सावकाराच्या देण्यात असलेला मनुष्य उघड अन्यायी अटींवर नवे कर्ज काढील, तर दडपण नव्हते हे सावकारानेच सिद्ध करावे. लगतच्याच उदाहरणात बाजारात पैशाची चणचण असताना चढे व्याज मागणाऱ्या पेढीला मात्र हे ओझे नाही. गावचा सावकार आणि शहरातील पेढी यांच्यातील हा भेद करणाऱ्याला खेड्याची ओळख पटलेली होती.

आज शिरूर तालुक्यात रांजणगावची आणि दौंड तालुक्यात कुरकुंभची औद्योगिक वसाहत उभी आहे, जमिनीला भाव आला आहे, आणि अडलेल्या शेतकऱ्याकडून कर्जापोटी साठेखत किंवा खरेदीखत लिहून घेण्याची रीत अद्याप सरलेली नाही. अशा शेतकऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की, २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याच्या अठराव्या कलमाखाली, सावकारीच्या व्यवहारात गेलेली जमीन पंधरा वर्षांच्या आतील असेल तर सावकारांच्या जिल्हा निबंधकाकडे, म्हणजे सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे, अर्ज करता येतो, आणि चौकशीअंती तो दस्त रद्द ठरवून जमीन परत देवविण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याला आहे. कागदावर आपली सही आहे एवढ्यावरून तो अर्ज करण्याचे कोणी टाळू नये.