मांजराच्या घमेल्यात काय घालावे?

मांजर विधीसाठी कोरडी, उकरता येईल अशी जागा शोधते. बंद घरात ही सोय घमेल्यात करून द्यावी लागते. अमेरिकेत एडवर्ड लो यांनी १९४७ साली राख-वाळूऐवजी मुलतानी मातीसारख्या मातीचे दाणे सुचवले आणि त्यातून एक उद्योगच उभा राहिला. आज दुकानात बहुधा बेन्टोनाइट माती मिळते. ओली होताच तिचा गोळा होतो आणि तो उचलून टाकता येतो. पण ही माती खाणीतून काढावी लागते, कच्छ-राजस्थानसारख्या दूरच्या भागांतून आणावी लागते आणि वापरल्यावर ती कुजत नाही. पाथर्डीसारख्या गावी ती विकत घेण्यापूर्वी जवळ काय आहे ते पाहू.

घमेल्यातील पदार्थाने दोन कामे करायची असतात: ओल शोषणे आणि वास अडवणे. मूत्रातील युरियाला वास नसतो. जीवाणूंमधील युरिएज हे विकर त्याचे विघटन करते व अमोनिया तयार होतो. आम्लधर्मी ओलीत अमोनियाचे रूपांतर अमोनियम आयनात होते आणि तो तेथेच राहतो. अल्कलीत मात्र तो वायुरूपाने हवेत निसटतो.

आता तीन पदार्थ घेऊ. चुलीची राख फुकट मिळते, पण ती अल्कली असते. परिसरातील काळ्या मातीत बेन्टोनाइटच्याच कुळातले, पाण्याने फुगणारे खनिज असते. तिचे ऋणभारित कण अमोनियम आयनांना धरून ठेवतात. मात्र ती चिकट होऊन मांजराच्या पायांना लागते. वखारीतला लाकडाचा भुसा भरपूर ओल शोषतो, हलका असतो आणि कुजतो. तो जाडसर घ्यावा, बारीक धूळ चाळून टाकावी. प्लायवूडचा भुसा घेऊ नये.

वर्गात हे करून पाहता येईल. कल्हईसाठी वापरतात तो नवसागर थोड्या पाण्यात विरघळवा. तीन बरण्यांत राख, माती व भुसा घेऊन प्रत्येकीत हे द्रावण सारखेच ओता. हळदीच्या पाण्यात बुडवलेला ओला कागद झाकणाखाली, पदार्थाला न लागेल असा टांगा. राखेच्या बरणीतला कागद लाल होईल. अमोनिया अल्कली असल्याचे हे चिन्ह. वास थेट नाकाने घेऊ नका. उरलेल्या दोन बरण्यांत काय फरक दिसतो, ते विद्यार्थ्यांनीच नोंदवावे. शोषणशक्तीसाठी प्रत्येकी १०० ग्रॅम पदार्थ फडक्यात बांधून भिजवा, निथळू द्या व पुन्हा वजन करा.

साधारणपणे कोरडी काळी माती व जाडसर भुसा निम्मे-निम्मे मिसळणे स्वस्त आणि सोयीचे ठरते. ओला भाग रोज काढला, तर घमेले वारंवार धुवावे लागत नाही. टंचाईच्या उन्हाळ्यात ही बचत लहान नाही.

एक काळजी मात्र कोणताही पदार्थ वापरला तरी घ्यावीच लागते. काही मांजरांच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची बीजे बाहेर पडतात. ती संसर्गक्षम होण्यास एक ते पाच दिवस लागतात. म्हणून विष्ठा रोजच्या रोज काढावी. गर्भवती स्त्रीला प्रथमच हा संसर्ग झाल्यास गर्भाला धोका पोहोचू शकतो. तेव्हा हे काम तिने न करता घरातल्या दुसऱ्या कोणी करावे व नंतर साबणाने हात धुवावेत. ही बीजे मातीत अनेक महिने टिकतात आणि घरच्या खतखड्यातील उष्णतेने ती मरतीलच असे नाही. म्हणून विष्ठा व तिच्याबरोबरचा भुसा भाजीच्या वाफ्यात न टाकता, विहिरीपासून दूर खोल पुरावा. पदार्थ कुजणारा आहे म्हणून तो आपोआप निर्धोक होत नाही, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.